घण आणि कुलूप

घण हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या कागदावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळं शहर, सगळा क्लब, इतकंच काय सासूसुद्धा त्याला घणच म्हणायची.

सतराव्या वर्षी तो फुटबॉल क्लबच्या निवड चाचणीला गेला, तेव्हा हे नाव चिकटलं. उंची सहा फूट दोन इंच, खांदे आडवे, आणि पाय म्हणजे नुसत्या काठ्या. चेंडू पायात आला की त्याची अशी काही त्रेधा उडायची की बघणाऱ्याला कीव यावी. प्रशिक्षक कंटाळून त्याचं नाव खोडायच्या बेतात होते, तेवढ्यात उजव्या कडेवरून गोलसमोर एक उंच क्रॉस आला. पोरगा दोन पावलं मागे सरला, उडाला, आणि कपाळाने चेंडूला असा टोला हाणला की गोलकीपरचे हात वर जायच्या आत जाळी हलली. गोलकीपरही नवाच होता. आठवडाभरात त्याच्यावर एकही गोल झाला नव्हता, म्हणून मुलं त्याला कुलूप म्हणायला लागली होती. मैदानाचा माळी कडेला गवत कापत होता. तो म्हणाला, "घण पडल्यावर कुलूप तुटणारच की!" सगळे हसले, आणि ते नाव जे बसलं ते कायमचं.

घणचे वडील गवंडी होते. शाळेच्या मास्तरांनी त्यांना एकदा बोलावून सांगितलं होतं, "तुमच्या मुलाचं डोकं चालत नाही." पहिल्या मोसमात घणचा फोटो पेपरात आला, तेव्हा वडील हातापायाला सिमेंट लागलेलं असतानाच शाळेत गेले, पेपर मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चालत नाही म्हणालात ना? बघा, उडतंय."

उडतच होतं. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. घणच्या चोविसाव्या वर्षी तो पहिल्या श्रेणीत चढला, आणि त्या मोसमातले एकवीस गोल घणचे होते. मग मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं. तिथे दोन वर्षं त्याने बेंच गरम केला. तिथल्या लोकांना पायाने नाचणारे स्ट्रायकर हवे होते, आणि घणला तर सरळ चालतानाही अडखळायची सवय. सत्ताविसाव्या वर्षी तो परत आला, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीच्या दारात कुलूप उभा होता. "आलास? बरं झालं. तुझी खुंटी कोणाला दिली नव्हती. त्यावर माझा ओला टॉवेल असायचा, तेवढं सांभाळून घे."

त्यांची दोस्ती अशी होती. चोवीस तास एकमेकांना टोमणे, आणि एकमेकांशिवाय पान हलायचं नाही.

रोजच्या सरावानंतर बाकीचे आंघोळीला गेले की घण मागे थांबायचा. कोणीतरी कडेवरून चेंडू टाकायचं आणि हा डोक्याने मारायचा. रोज शंभर. पावसात चेंडू भिजून जड झाला तरी शंभर. लग्नाआधी त्याची बायको एकदा सराव बघायला आली होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. तो बाहेर आल्यावर तिने विचारलं, "दुखत नाही का रे?"

"सवय झाली की काही वाटत नाही."

"कोणाला? तुला की डोक्याला?"

तो हसला. त्या वयात असल्या प्रश्नावर माणूस हसतोच.

तेहतिसाव्या वर्षापर्यंत त्याचे एकशे एकोणचाळीस गोल झाले. त्यातले निम्म्याहून जास्त डोक्याने.

*

पहिली खूण चौकात दिसली. सकाळी सहा वर्षांच्या मुलीला शाळेत सोडायला तो गाडीने निघाला होता. तीन वर्षांचा पायाखालचा रस्ता. सिग्नल हिरवा झाला आणि घणला कळेना की इकडे वळायचं की तिकडे. डोक्यात जणू पाटी पुसली गेली होती. मागून हॉर्न सुरू झाले. कोणीतरी शिवी दिली.

"बाबा, डावीकडे," मागून मुलगी म्हणाली. "रोज डावीकडेच असतं."

"माहितीये गं. तुला माहितीये का ते बघत होतो."

मुलीला ते खरं वाटलं. तिने संध्याकाळी आईला मोठ्या अभिमानाने सांगितलं की बाबांनी माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. आई हसली नाही. तिने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. गेल्या महिन्यात त्याने जेवताना तिच्याकडे 'ते ढवळायचं' मागितलं होतं. चमचा हा शब्द त्याला सापडला नव्हता. तेव्हा दोघं हसली होती. आता तिने मनातल्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या.

मोसम वाईट चालला होता. क्लब तळाला होता, आणि शेवटचे चार सामने उरले होते. खाली घसरलं तर निम्म्या खेळाडूंना नारळ मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. अशा वेळी, चारपैकी पहिल्याच सामन्यात, घण एका क्रॉसवर उडाला आणि समोरचा धिप्पाड डिफेंडरही उडाला. दोघांच्या कवट्या आपटल्याचा आवाज गॅलरीपर्यंत ऐकू गेला.

घण उताणा पडला. डोळे उघडले तेव्हा क्लबच्या डॉक्टरबाई वाकून विचारत होत्या, "कुठे आहात तुम्ही?"

त्यांच्या खांद्यावरून मैदानाचं नाव लिहिलेला गुणफलक दिसत होता. घणने वाचून दाखवलं. "किती मिनिटं झाली?" तेही त्यावरच होतं. डॉक्टरबाईंनी बोट फिरवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि नाइलाजाने त्याला उठू दिलं. पण सामन्यानंतर त्यांनी कागद केला. दोन आठवडे सामना नाही, आणि शेवटच्या सामन्याआधी पूर्ण तपासणी. तपासणीत पास झाला तरच मैदान.

घण नसताना मधले दोन सामने गेले. एक बरोबरीत सुटला, एक हरले. आता हिशेब सरळ होता. शेवटचा सामना जिंकला तर क्लब वर राहणार, नाहीतर खाली. बरोबरीसुद्धा पुरणार नव्हती.

प्रशिक्षकांनी घणला बोलावून खांद्यावर हात ठेवला. "तपासणीचं काय?"

"होईल, सर."

"व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले. हात खांद्यावरून काढायला त्यांना वेळ लागला.

घणला मात्र ठाऊक होतं की होणार नाही. ती तपासणी मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांची झाली होती. डॉक्टरबाई पाच शब्द सांगतात, मग गप्पा मारतात, मग ते पाच शब्द विचारतात. महिने उलटे म्हणायला लावतात. डोळे मिटून एका पायावर उभं करतात. घणने घरी स्वतःच स्वतःला पाच शब्द सांगून पाहिले होते. पाच मिनिटांनी त्याला दोन आठवले, आणि त्यातला एक चुकीचा.

तो कुलूपच्या घरी गेला. कुलूप अंगणात सायकलची साखळी बसवत होता. गेल्या वर्षी तो गोलच्या खांबावर आपटला होता आणि महिन्याभरात त्याची तीनदा तपासणी झाली होती.

"तुला शब्द कोणते विचारले होते?"

कुलूपने मान वर केली नाही. "तीन याद्या आहेत बाईंकडे. त्याच फिरवून फिरवून विचारतात. बायकोचा वाढदिवस माझ्या लक्षात राहत नाही, पण ते पंधरा शब्द मी मेल्यावरही म्हणून दाखवीन." मग त्याचे हात थांबले. "कशाला रे?"

"असंच."

"असंच?"

"शेवटचा सामना आहे. मग मी स्वतःहून मोठ्या हॉस्पिटलात जातो. तुझी शप्पथ."

"माझी नको घेऊस, मला दोन पोरं आहेत." कुलूपने तेलकट हात फडक्याला पुसले. त्यालाही तो सामना जिंकायचाच होता. पस्तीस वर्षांच्या गोलकीपरला खालच्या श्रेणीत कोण विचारतं? त्याने पेडल एकदा फिरवून साखळी बसल्याची खात्री केली. मग म्हणाला, "लिहून घे. पितळ, लिंबू, शिडी, घोडा, कागद."

*

घणने शाळेत कधी पाठांतर केलं नव्हतं ते आता केलं. चालताना, दाढी करताना, मुलीच्या वेण्या घालताना. एकदा नव्हे, शंभरदा. डोक्याने चेंडू मारायचा तसाच, आकडा ठरवून. नवं काही टिकत नव्हतं, पण घासून घासून पंधरा शब्द कसेबसे रुतले.

तपासणीच्या आदल्या दिवशी तो न्हाणीघरात पुटपुटत होता. बाहेर पडला तर दारात बायको उभी.

"पितळ, लिंबू, शिडी, घोडा, कागद," ती म्हणाली. "पुढचं ऐकू आलं नाही. पाण्याचा आवाज होता."

"काय ते? गाणं आहे मुलांचं."

"मी अकरा वर्षं शिकवतेय. समजलेलं कोण बोलतंय आणि घोकलेलं कोण बोलतंय, हे मला भिंतीपलीकडूनही कळतं. काय आहे हे?"

त्याने आधी उडवाउडवी केली, मग चिडला, मग सगळं सांगितलं. सांगताना तो टॉवेल गुंडाळून तसाच उभा होता, आणि त्याच्या पायाखाली पाण्याचं थारोळं वाढत होतं.

"मी डॉक्टरबाईंना फोन करते," ती म्हणाली.

"केलास तर..." त्याला पुढचं वाक्य सापडेना. खरंच सापडेना. राग डोळ्यांत होता आणि शब्द कुठेच नव्हते. त्याने मूठ आवळून दारावर मारली. आठ वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. आतल्या खोलीतून मुलीने विचारलं, "काय पडलं?"

"काही नाही पडलं, बाळा," आई म्हणाली. मग हळू आवाजात त्याला, "हा तू नाहीस. हे तुला दिसत नाहीये, कारण तू आत आहेस. मला बाहेरून दिसतंय."

"एकच सामना. नव्वद मिनिटं. सोळा वर्षं खेळलोय मी, शेवटी पळून गेलो असं नको व्हायला. डोक्याने चेंडू मारणार नाही. शब्द देतो."

"तू? डोक्याने मारणार नाहीस?" तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

तिने फोन केला नाही. पुढे कित्येक महिने ती स्वतःला हेच विचारत राहिली की का केला नाही. त्याक्षणी तिला एवढंच वाटलं की या माणसाकडून हेही आपण काढून घेतलं तर तो आपल्याकडे परत कधी सरळ बघणार नाही. ती म्हणाली, "मी येणार सामन्याला. अगदी पुढे बसणार."

तपासणीत डॉक्टरबाईंनी दुसरी यादी काढली. घणने पाचही शब्द ओळीने सांगितले. इतक्या ओळीने, की बाईंनी क्षणभर पेन थांबवलं. "छान," त्या म्हणाल्या. एका पायावर तो विसाव्या सेकंदाला डगमगला, पण पाय टेकला नाही. त्यांनी सही केली. दारापाशी त्या म्हणाल्या, "एक विचारू? डोकं दुखतंय का?"

"नाही बाई."

उजेडाने त्याच्या डोळ्यांत सुया टोचत होत्या.

*

सामन्याच्या दिवसाचं घणला एवढंच आठवतं की खोलीत तो बुटाची नाडी बांधत होता. डाव्या पायाची. कुलूप शेजारी हातमोजे चढवत होता आणि दातांनी पट्टा ओढत होता.

त्यानंतर एकदम पांढऱ्या फरशा.

तो त्याच खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसलेला. अंग घामाने निथळत होतं, गुडघ्याला चिखल. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारून जात होते. प्रशिक्षकांनी तर त्याचे गाल दोन्ही हातांत धरले. "वाघ! आता फक्त टिकवायचं!" घण हसला. सगळे हसत होते म्हणून तोही हसला. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर एक-शून्य दिसत होतं. आपण पुढे आहोत. म्हणजे मध्यंतर झालंय. म्हणजे आपण पंचेचाळीस मिनिटं खेळलोय. एकेक पायरी चढल्यासारखा तो विचार करत गेला आणि शेवटच्या पायरीवर अडला.

त्याने शेजारी बसलेल्या कुलूपला हळूच विचारलं, "कोणी मारला रे?"

"तुझ्या आजोबांनी." कुलूप पाणी पीत होता. मग त्याने बाटली खाली केली. घणचा चेहरा पाहिला. "चेष्टा करतोयस ना?"

घणने पडद्यावरच्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं.

"अरे, तूच मारलास. पस्तिसाव्या मिनिटाला. सगळं स्टेडियम तुझ्या नावाने ओरडत होतं."

"हो, हो. ते माहितीये."

"आज वार कोणता?"

घणने विचार केला. सामना आहे म्हणजे... "शनिवार."

शेवटच्या दिवसाचे सगळे सामने मुद्दाम एकाच वेळी, रविवारी ठेवले होते. कुलूपचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्याने खोलीभर नजर फिरवली. डॉक्टरबाई पलीकडे कोणाच्या तरी मांडीला पट्टी बांधत होत्या. दहा पावलांवर.

घणने त्याचं मनगट पकडलं. "कोणाला बोलू नकोस. पंचेचाळीस मिनिटं. तुझ्यासाठी पण आहे हे."

बाहेर शिट्टी वाजली. कुलूप उठला. त्याने डॉक्टरबाईंच्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग तो इतरांबरोबर बाहेर गेला.

मैदानावर ऊन होतं. घण आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. लोक हसायला लागले. रेफ्री हाताने पलीकडे, पलीकडे असं खुणावत होता. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे घणला माहीत होतं, शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण बदलल्या की अजून बदलायच्या आहेत, हे त्याला कळेना. तो धावत दुसऱ्या बाजूला गेला आणि वाकून नमस्कार केल्यासारखं केलं, म्हणजे लोकांना वाटावं की मुद्दाम केलं. गॅलरीने टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत एकच बाई उभी होती आणि ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. घणला वाटलं, ही ओळखीची दिसते. मग कळलं कोण आहे ती, आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली.

खेळ सुरू झाला. एक मिनिट, दोन, चार. प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळाला. कॉर्नरला घण नेहमी मागे यायचा आणि गोलच्या पहिल्या खांबापाशी उभा राहून चेंडू डोक्याने बाहेर काढायचा. पाय त्याला तिथे घेऊन गेले. "पुढे! पुढे ये!" कुणीतरी ओरडत होतं. त्याने वळून पाहिलं. हातमोजे घातलेला एक माणूस त्याच्याकडे बघून ओरडत होता. घणने त्याच्याकडे पाहिलं, जसं रस्त्यात अनोळखी माणसाने हाक मारल्यावर आपण बघतो तसं.

ती नजर कुलूपने पाहिली.

चेंडू उंच आला. कुलूपने गर्दीत घुसून तो हवेतच धरला, छातीशी घेतला आणि खाली पडला. पडला तो उठेना. गुडघा धरून तळमळायला लागला. रेफ्रीने शिट्टी मारली. गोलकीपर पडला की खेळ थांबतो.

घणला आता तो कोण ते बरोबर कळलं. कुलूपला लागलंय! तो सगळ्यांच्या आधी धावला. गुडघ्यावर बसला. "कुठे लागलं? काय झालं रे?" डॉक्टरबाई पेटी घेऊन धापा टाकत आल्या.

कुलूपचं तळमळणं थांबलं. तो चिखलात उताणा पडून आभाळाकडे बघत म्हणाला, "मला काही झालेलं नाही, बाई. याला बाहेर काढा. याला स्वतःचा गोल आठवत नाहीये. ते पंधरा शब्द मीच दिले होते याला."

घणच्या कानांत शिटी वाजल्यासारखं झालं. "खोटं बोलतोय," तो म्हणाला. "आठवतंय मला. मीच मारला. पस्तिसाव्या मिनिटाला."

डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचा आवाज फार शांत होता. "कसा मारलात?"

भोवती सहा-सात जण जमले होते. रेफ्री होता. कर्णधार होता.

"डोक्याने," घण म्हणाला.

कर्णधाराने मान वळवली. एका पोरसवद्या डिफेंडरने हात तोंडावर ठेवला. गोल डाव्या पायाने झाला होता. सगळ्या कारकिर्दीत घणने डाव्या पायाने मारलेले गोल एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते, आणि हा त्यातला सगळ्यात देखणा होता.

त्याला धरून बाहेर नेताना त्याने कुलूपला दिलेल्या शिव्या पहिल्या चार रांगांनी ऐकल्या. कठड्यापाशी बायको होती. ती त्याच्या दंडाला धरून डॉक्टरबाईंबरोबर आत गेली. तिने मागे वळून मैदानाकडे पाहिलं नाही.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्यांना आणखी एक कॉर्नर मिळाला. पहिल्या खांबापाशी, जिथे घण उभा राहायचा, तिथे कोणी नव्हतं. एक-एक. क्लब खाली गेला.

*

मोठ्या हॉस्पिटलात घणची पाच दिवस तपासणी झाली. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. "आणखी एक जोराचा धक्का बसला असता, तर आज आपण बोलत बसलो नसतो. जे गेलं त्यातलं काही परत येईल, काही येणार नाही. आणि फुटबॉल संपला." क्लबच्या डॉक्टरबाई तिथेही आल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "याद्या दरवर्षी बदलायला हव्या होत्या मी. चूक माझीही आहे." घणची बायको म्हणाली, "फोन मीही केला नव्हता."

हॉस्पिटलातच कोणीतरी त्याला तो गोल फोनवर दाखवला. छातीवर चेंडू घेऊन, अर्धा वळून, डाव्या पायाने मारणारा एक उंच माणूस. घणने तो नऊ वेळा बघितला. "चांगला मारलाय," तो शेवटी म्हणाला, दुसऱ्या कोणाविषयी बोलावं तसं.

शहराला राग काढायला कोणीतरी हवं होतं, आणि घणवर काढता येईना. मग तो कुलूपवर निघाला. म्हणे ऐन वेळी नाटक केलं, जिंकता सामना घालवला. क्लबने त्याला पुढे ठेवलं नाही. तो मेव्हण्याच्या दुकानात गाद्या विकायला बसला. घणही त्याचं नाव काढत नव्हता. बायकोने एकदा विषय काढला तर तो म्हणाला, "पाठीत सुरी खुपसणाऱ्याशी काय बोलायचं?" ती म्हणाली, "मुलीचा बाप जिवंत ठेवला त्याने." तो ताटावरून उठून गेला.

सहा महिने अंधाऱ्या खोलीत, उजेडापासून लपून गेले. मग हळूहळू डोकेदुखी उतरली. चमचा परत आला, चौकातलं वळण परत आलं. नवीन माणसांची नावं मात्र राहीनात. एका महिला संघाने त्याला आठवड्यातून दोनदा स्ट्रायकर मुलींना शिकवायला बोलावलं. तो खिशात नावांची चिठ्ठी ठेवायचा आणि पायाने कसं मारायचं ते शिकवायचा. मुली पाठीमागे हसायच्या, कारण त्याला स्वतःला ते जमत नव्हतं, पण सांगायचा मात्र नेमकं.

आठव्या महिन्यात एका दुपारी तो गाद्यांच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हतं. कुलूप गल्ल्यामागे पेपर वाचत होता. घणला बघून तो उभा राहिला. मग काय करावं न कळून म्हणाला, "गादी हवीय का?"

"बघायला आलोय."

"ही कडक आहे. पाठीला चांगली." कुलूपने प्लास्टिकवरून हात फिरवला. "पडून बघ."

घण पडला. पाय बाहेर लोंबायला लागले. कुलूप जरा वेळ उभा राहिला आणि मग शेजारच्या गादीवर तोही पडला. दोघं छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

"एक विचारायचंय," घण म्हणाला.

"का सांगितलं म्हणून?"

"नाही. ते कळलं मला. मध्यंतरात का नाही सांगितलंस? बाई दहा पावलांवर होत्या."

कुलूप छताकडेच बघत म्हणाला, "जिंकायचं होतं मला. म्हटलं, पंचेचाळीस मिनिटंच तर आहेत, कदाचित काही होणारही नाही. सहा मिनिटं मी तुला तसंच खेळू दिलं. लोक म्हणतात मी सामना घालवला. त्याचं काही वाटत नाही. त्या सहा मिनिटांत तुला काही झालं असतं तर, हे मात्र सोडत नाही. यादी दिली त्याचं तर विचारूच नकोस."

"यादी मी मागितली होती."

"म्हणून काय झालं? द्यायची नव्हती."

घण रागाने आला होता की कशाने, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण हा माणूस खोटं बोलला असता, तर तो उठून गेला असता आणि पुन्हा आला नसता. ते त्याला पडल्या पडल्या स्पष्ट कळलं.

"मी तुला मैदानावर बऱ्याच शिव्या दिल्या म्हणे," तो म्हणाला. "मला एकही आठवत नाही."

"मला सगळ्या आठवतात. एक तर मी आधी कधी ऐकलीच नव्हती. मेव्हण्याला वापरतो आता."

घण हसायला लागला. हसताना कपाळात कळ आली तरी थांबेना. दारात एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं आणि दोन दांडगे बाप्ये गाद्यांवर आडवे पडून हसताहेत हे बघून परत फिरायला लागलं. कुलूप धडपडत उठला. "या ना आजी, या. हे पण गिऱ्हाईकच आहेत."

"चांगली आहे का हो ही?" आजींनी घणला विचारलं.

"कडक आहे," घण म्हणाला. "पाठीला चांगली."

त्याने ती गादी घेतली. गुरुवारी टेम्पो आला तेव्हा हमालाऐवजी कुलूप स्वतः दुसरं टोक धरून जिना चढत होता, आणि वरच्या पायरीवरून घणची बायको म्हणत होती, "भावजी, भिंतीला लागेल, जरा तिरकी धरा."